उरलेल्या नऊ

सभेतले सगळे विषय पावणेदोनला संपले होते. तरीही अध्यक्षांनी सभा संपल्याचं जाहीर केलं नाही. त्यांनी चौथ्यांदा चहा मागवला.

टेबलाच्या टोकाला कंपनीच्या सेक्रेटरीबाई एक कागद समोर ठेवून बसल्या होत्या. सभा संपली की अर्ध्या तासाच्या आत त्यावरचा मजकूर शेअर बाजाराकडे जायला हवा आणि तिथून सगळ्यांसाठी खुला व्हायला हवा, असा नियम होता. सभा संपेपर्यंत मात्र तो अर्धा तास सुरूच होत नव्हता.

मजकूर दोन वाक्यांचा होता. पाण्याच्या नव्या गाळणीच्या चाचणीत चाळीसपैकी एकतीस गाळण्यांचा पडदा नव्वद दिवसांच्या आत फाटला. त्यामुळे जाहीर केल्याप्रमाणे ही गाळणी वर्षअखेरीस विक्रीला येणार नाही.

वित्त संचालकांना आकडे नको होते. ‘निष्कर्ष संमिश्र आहेत’ एवढं पुरे, असं त्यांचं सकाळपासून चाललं होतं. बाईंनी फक्त आठवण करून दिली होती, की चांगली बातमी देताना आपण आकडे दिले होते. आकडे कागदावर राहिले होते.

“आणखी एक कप प्यालो तर ती गाळणी मलाच बसवावी लागेल,” वित्त संचालक म्हणाले.

सभेत सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची पद्धत बाईंनी घातली होती. तो डबा थरथरला. सगळ्यांत वर अध्यक्षांचा फोन होता आणि त्यावर अक्षरं उमटली होती: आक्का. अध्यक्षांचा हात पुढे गेला, मग मागे आला. ते उठून खिडकीपाशी गेले आणि त्यांनी बाईंना खुणेनं बोलावलं.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. कंपनीचे पहिले शेअर्स तिनं घेतले होते. आता तिचे गुडघे गेले होते आणि घर तिसऱ्या मजल्यावर. शेअर्स विकून तिला तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या होत्या. आज विकू, की तुझी गाळणी येईपर्यंत थांबू, असं तिनं सकाळी विचारलं होतं. दुपारी सांगतो, असं ते म्हणून बसले होते. बाजार साडेतीनला बंद व्हायचा.

“दोन मिनिटं बोलतो,” अध्यक्ष म्हणाले. “विक असं म्हणत नाही. थांबू नकोस, एवढंच सांगतो.”

“ते एकच झालं, सर.”

“तिनं वाढवलंय हो मला.”

जाहीर होण्याआधी अशी बातमी कुणालाही सांगायची नाही, या नियमाचा क्रमांक बाईंना तोंडपाठ होता. त्यांनी तो सांगितला नाही.

“आक्कांचे शेअर्स आज जी विकत घेईल,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तीही कुणाची तरी आक्काच असेल.”

अध्यक्षांनी एकदा खालच्या रस्त्याकडे पाहिलं. मग वळले आणि उभ्यानंच त्यांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. बाईंनी इतिवृत्तात वेळ लिहिली, दोन वाजून चौतीस मिनिटं. दोन एक्केचाळीसला मजकूर आकड्यांसकट सगळ्यांसाठी खुला झाला. बाईंनी तो कुणाही परक्या माणसाला दिसेल तसा उघडून एकदा वाचला, आणि मग डबा अध्यक्षांपुढे सरकवला.

अध्यक्षांनी आक्काला फोन लावला. जाहीर झालेली दोन वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवली. स्वतःचा एक शब्द घातला नाही. मग आक्काचा आवाज आला. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत होता.

“म्हणून सकाळी तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस होय.”

आक्का, भाव आत्ताच बराच उतरलाय, असं काहीतरी ते सांगू लागले. तिनं ते पुरं होऊ दिलं नाही. तीन जिने इतकी वर्षं चढले, आणखी थोडे दिवस चढेन, म्हणाली. मग तिनं विचारलं.

“चाळीसातल्या एकतीस फाटल्या. उरलेल्या नऊ?”

“त्या टिकल्या.”

“का टिकल्या?”

अध्यक्षांनी वित्त संचालकांकडे पाहिलं. वित्त संचालकांनी कपात पाहिलं. सकाळपासून सगळे त्या एकतीस गाळण्यांवर बोलत होते. नऊ गाळण्यांचं नाव कुणी काढलं नव्हतं.

“बघतो, आक्का.”

“बघ, धाकट्या. आणि कळलं की मला सांगू नकोस. सगळ्यांना सांग. मी वाचेन.”

फोन ठेवल्यावर अध्यक्ष कोट न चढवताच जिना उतरून प्रयोगशाळेत गेले. बाई मागोमाग गेल्या. मधल्या टेबलावर एकतीस गाळण्या उलगडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला फाटल्याच्या तारखेची चिठ्ठी होती. उरलेल्या नऊ खिडकीजवळच्या स्टँडवर तशाच उभ्या होत्या. चाचणी संपून सहा दिवस झाले तरी त्यांचा नळ बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नऊ चंचुपात्रांमध्ये पाणी थेंब थेंब पडत होतं.

अध्यक्षांनी एक स्टूल ओढलं आणि ते पहिल्या गाळणीसमोर बसले.