चौथं प्रकरण

“चौथं प्रकरण काढून टाक,” बाळ सर म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले.

नौपाड्यातल्या त्यांच्या घरी रुचिता सकाळपासून सेकंड इयरचे पेपर तपासत होती. पेपर सरांचे, लाल पेन तिचं. संख्याशास्त्रात पीएचडी करायची तर गाइडचे पेपर तपासायचे, गाइडच्या लेकीला गणित शिकवायचं, गाइडच्या सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. म्हणूनच ते कुणाला मोडता येत नाही.

“का काढू?”

“कच्चं आहे.”

“कुठे कच्चं आहे ते दाखवा ना, सर.”

“अगं, आयुष्य गेलं माझं यात. मला वासावरून कळतं.”

“वास नको. ओळ दाखवा.”

आतल्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

रुचिताचा विषय सांगायला सोपा. नव्या औषधाची चाचणी चालू असते आणि काही पेशंट मधेच यायचे बंद होतात. बरे झाले म्हणून, कंटाळले म्हणून की मेले म्हणून, कोण जाणे! मग जे आलेच नाहीत त्यांना हिशेबात धरायचं कसं? तिच्या पहिल्या तीन प्रकरणांत याची उत्तरं होती, पण प्रत्येक उत्तराला अटी. चौथ्यात तिने एकच सूत्र मांडलेलं. पेशंट कुठल्याही कारणाने गळू दे, अंदाज बरोबरच येणार. अट नाही, काही नाही. खाली पानंच्या पानं सिद्धता. असं सूत्र ज्याच्या नावावर लागेल त्याचं नाव देशभर होणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

“मी नाही काढणार,” ती म्हणाली.

“मग मी नाही सही करणार.”

गाइडची सही नाही तर प्रबंध जमा होत नाही. म्हणजे इतक्या वर्षांची माती.

तरी ती भांडली. विभागात भांडली, फोनवर भांडली, एकदा तर ठाणे स्टेशनबाहेर रसवंतीसमोर चारचौघांत भांडली. “माझं सगळ्यात मोठं काम आहे ते,” हे तिने सरांना इतक्यांदा ऐकवलं की विभागातला शिपाईसुद्धा तिला ‘चौथं प्रकरण’ म्हणायला लागला.

आणि मग एके दिवशी तिने ते काढून टाकलं. सरांनी हसत हसत सही ठोकली.

साकेतला हे कळलं तेव्हा तो तडक कळव्याला तिच्या बिल्डिंगखाली आला. तोही सरांचाच विद्यार्थी.

“काढलंस?”

“काढलं.”

“येडी आहेस का तू? क्षिप्राताईचं काय झालं विसरलीस?”

विसरणार कोण? क्षिप्राचंही एक प्रकरण सरांना असंच कच्चं वाटलेलं. तिने काढलं, आणि पुढच्याच वर्षी ते एका जर्नलमध्ये पक्कं होऊन आलं. नाव एकट्या बाळ सरांचं. क्षिप्राने बोंब मारली. समिती बसली, चहा प्यायली, उठली. आता क्षिप्रा डोंबिवलीत बारावीचे क्लास घेते आणि युनिव्हर्सिटीचं नाव काढलं की विषय बदलते.

“तुझंही गिळणार तो,” साकेत म्हणाला.

“गिळू दे.”

“गिळू दे? रसवंतीसमोर बोंबललेली ती तूच ना?”

“सही झाली ना? संपला विषय.”

“थू तुझ्या पीएचडीवर,” म्हणून तो निघून गेला. नंतर कित्येक महिने बोलला नाही.

मौखिक परीक्षेला मात्र आला, शेवटच्या रांगेत. परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. पहिल्या रांगेत बाळ सर, अंगात नवा कोट. बाहेरच्या परीक्षक म्हणून आसावरी दामले बाई आलेल्या. बाईंनी पहिल्या प्रश्नापासूनच सोलायला घेतलं.

“हे तुम्ही गृहीत धरलंय?”

“नाही मॅडम, सिद्ध केलंय.”

“आणि हे?”

“हे गृहीत धरलंय. तसं स्पष्ट लिहिलंय.”

बाईंनी मान डोलावली. मग पर्समधून एक छापील पेपर काढला.

“हा तुमच्याच गाइडचा. नुकताच आलाय. पेशंट कुठल्याही कारणाने गळू देत, अंदाज बरोबर, असं यात सिद्ध केलंय. हे खरं असेल तर तुमच्या तिन्ही प्रकरणांचा उपयोग काय? तुम्ही याचा साधा उल्लेखही केलेला नाही. मी पदवीची शिफारस कशी करू?”

मागून साकेतची सणसणीत शिवी ऐकू आली.

“जाऊ द्या हो मॅडम,” बाळ सर मोठ्या मनाने म्हणाले. “पोरीच्या आवाक्याबाहेरचं आहे ते.”

रुचिताने खडू उचलला.

“समजा, औषधाने निम्मे पेशंट बरे होतात, निम्मे मरतात. मेलेला काही परत तपासायला येत नाही. आता सरांचं सूत्र लावू.”

तिने फळ्यावर मांडलं. चार ओळींत उत्तर आलं : सगळे बरे.

“सरांच्या सूत्राने मेलेलेही बरे होतात, मॅडम.”

हॉलमध्ये हशा उसळला. बाळ सर हसले नाहीत. दामले बाई भराभर पानं उलटायला लागल्या.

“पण सिद्धता तर बरोबर दिसतेय...”

“तिसरं पान बघा. मधल्या ओळीत न आलेल्यांना गुपचूप आलेल्यांसारखंच धरलंय. पुढे मग ते कुठे दिसतच नाही.”

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून हातात घेतला.

“मी हा पेपर दोनदा वाचलाय. मला दिसली नाही ही चूक. तुम्हाला कशी सापडली?”

रुचिताने खडू ठेवला, हात झटकले आणि पहिल्या रांगेकडे बघितलं.

“सापडली नाही, मॅडम. मीच घातली होती.”