अरे ऑर्टविन

"अरे ऑर्टविन, झकास झालाय हं आकडा," फोल्कर्ट म्हणाला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना डोलल्या. गेर्लिंड ब्रोकमनची मान तेवढी जागची हलली नाही. तो आकडा तुटणार होता. आज नाही, उद्या नाही, पण कुठल्यातरी इस्पितळात एखाद्या म्हातारीला पलंगावरून उचलत असताना नक्की तुटणार होता. आणि आराखड्यावर विभागप्रमुखाची सही व्हायला फक्त कॉफी संपायची बाकी होती.

जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या त्या कारखान्यात रुग्णांना पलंगावरून खुर्चीत बसवणारे पाळणे बनत. पाळणा ज्याला टांगायचा तो आकडा विभागप्रमुख ऑर्टविन राडेमाखरनं स्वतः आखला होता. चाचणीचं काम गेर्लिंडकडे. सतरा वर्षं दोघं एकत्र, आणि सतरा वर्षं जर्मन रीतीनं श्रीयुत-श्रीमती लावून "हेर राडेमाखर, तुम्ही" आणि "फ्राउ ब्रोकमन, तुम्ही". त्या "तुम्ही"त काय काय मावायचं! "हेर राडेमाखर, तुम्ही हे डोळे मिटून आखलंत का?" असं तिनं भर बैठकीत विचारावं, त्यानं लालबुंद होऊन कागद ओढून घ्यावा, आणि दुपारी जेवताना दोघांनी एकमेकांपुढे अदबीनं मीठ सरकवावं. कुणी काही बोललं नाही, तर तीच शाबासकी.

मग नेले नावाची बाई आली. कोच, म्हणजे माणसांना एकमेकांशी वागायला शिकवणारी. वरच्या साहेबांनी तिला हॅम्बुर्गहून आणवलं, कारण राडेमाखरच्या विभागात म्हणे भांडणं फार. नेले गोड होती, हुशार होती, तिला नावं ठेवायला जागा नव्हती. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना गोल करून बसवलं आणि राडेमाखरकडून वदवून घेतलं, "मी ऑर्टविन. मला 'तू' म्हणा." बिचाऱ्याचे कान तांबडे झाले होते. वरच्या माणसानं एकदा "तू" म्हणायची मुभा दिली की ती मोडता येत नाही. मोडली तर सरळ थोबाडीत मारल्यासारखंच. पुढच्या आठवड्यात "चूक" हा शब्द गेला. चुकीला "शिकण्याची संधी" म्हणायचं ठरलं. शिवाय कुणाला काही सांगायचं असेल, तर आधी त्याचं कौतुक करायचं. बहुतेकांना कौतुकापाशीच थांबणं सोयीचं पडू लागलं.

खोटं कशाला बोला, गेर्लिंडलाही ते आवडलं होतं. नवरा गेल्यापासून तिला नावानं हाक मारणारं उरलं होतं कोण? एक बहीण, तीही फोनवर. आणि एके दिवशी ऑर्टविननं घरून आलुबुखारचा केक आणला, बशी तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "घे ना गेर्लिंड, तुझ्यासाठी मोठा तुकडा ठेवलाय." त्या संध्याकाळी ती सायकलवरून गुणगुणत घरी गेली. आता अशा माणसाला तोंडावर कसं सांगायचं, की बाबा रे, तुझ्या आकड्यानं कुणीतरी मरेल?

सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. "ऑर्टविन, काय देखणा बाक आलाय आकड्याला! फक्त मला आतून असं वाटतं की त्याच्या मानेपाशी अजून थोडी संधी आहे." ऑर्टविननं तिच्याकडे टकमका पाहिलं होतं. मग "आभारी आहे, गेर्लिंड," म्हणून तो हळूच निघून गेला होता.

आज नेलेचा शेवटचा दिवस. ती कोपऱ्यात कौतुकानं बघत बसली होती. राडेमाखरनं पेनाचं टोपण काढलं.

"कुणाला काही सांगायचंय?" त्यानं विचारलं. त्याची नजर गेर्लिंडवर येऊन थांबली.

"ऑर्टविन, तू..." ती म्हणाली, आणि अडकली. "तू"च्या पुढे कडू शब्द येईचना. पेन कागदाला टेकलं. गेर्लिंड ताडकन उभी राहिली.

"हेर राडेमाखर, सही करू नका! तुम्ही चुकलात. आकड्याच्या मानेपाशी पोलाद निम्म्यानं कमी केलंत, चाचणीत तिथेच चीर गेली. असला आकडा एखाद्या शिकाऊ पोरानं काढला असता, तर तुम्ही त्याला दारापर्यंत हाकललं असतंत!"

फोल्कर्टचा कप हातातच राहिला. संपलं, गेर्लिंडला वाटलं, आता हा माणूस आपल्याला नावानं कधी हाक मारायचा नाही. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

राडेमाखरनं पेन खाली ठेवलं. आराखडा उचलला, मानेपाशी बोट ठेवून नीट पाहिला आणि टराटरा फाडून टाकला.

"फ्राउ ब्रोकमन," तो म्हणाला, "इतके दिवस होतात कुठे तुम्ही?"

नेलेनं टाळ्या पिटल्या. "बघा, बघा! याला म्हणतात मोकळेपणा! दोन महिन्यांत केवढा पल्ला गाठलात सगळ्यांनी!"

राडेमाखरचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्यानं चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"आपल्याकडे माणसाचं असं तोंडभर कौतुक कधी करतात हो? निरोप द्यायचा असतो तेव्हा. दोन महिने नुसतं छान, छान! मला वाटलं, मला काढायचं वर ठरलंय आणि तुम्हा सगळ्यांना ते ठाऊक आहे. म्हटलं, हाकलून घेण्यापेक्षा आपण होऊन गेलेलं बरं. काल राजीनामा देऊन आलो." त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "साहेबांनी ठेवून घेतला, फ्राउ ब्रोकमन. वर माझ्या निर्णयाचं कौतुकही केलं."