लाल शिशी, निळी शिशी

"आज दुखणं किती आणे, बाई?" डॉक्टरनं विचारलं.

"आठ आणे जी," देवकाबाई म्हणाली.

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. देवकाबाईच्या आधी रुख्मानं आठ आणेच सांगितलं होतं, तिच्या आधी यशोदाबाईनंही. कुंदाबाईनं तर स्टुलावर बसायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

आमगाव टेसनाजवळच्या धानाच्या गिरणीच्या ओसरीवर नागपूरचा हा डॉक्टर टेबल मांडून बसला होता. मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यावर विलायतेहून नवी गोळी आली होती. ती खरंच लागू पडते की नाही, हे त्याला बायांवर पाहायचं होतं. म्हणून अर्ध्या बायांना लाल शिशी, अर्ध्यांना निळी. एकीत औषध, दुसरीत नुसता खडू. कोणत्या शिशीत काय, हे डॉक्टरनं कोणालाच सांगितलं नव्हतं, कंपाउंडर चुन्नीलाललाही नाही. दुखण्याचं माप मात्र बायांना कळेल असं ठेवलं होतं : सोळा आणे म्हणजे जीव जाते की राहते, अन् शून्य म्हणजे सुख.

एका शिशीवाल्यांचं दुखणं उतरायला पाहिजे होतं, दुसरीवाल्यांचं जिथल्या तिथं राहायला पाहिजे होतं. इथं तर सारं गाव आठ आण्यांवर येऊन बसलं होतं.

"गोळ्या रोज घेतल्या?"

"रोज जी."

"चुकवल्या नाहीत?"

"कायले चुकवू?" देवकाबाई म्हणाली. ओटीपोटात विस्तव ठेवल्यासारखं दुखणं होतं तिचं. पाय चिखलात पडला न पडला की बांधामागं पळायचं, चार थेंबांसाठी बसून राहायचं, अन् उठताना डोळ्यांपुढं अंधारी. मागच्या साली तिला धानाच्या रोवण्याच्या ओळीत कोणी उभं केलं नव्हतं. यंदा कुठं जरा उभी राहील असं वाटत होतं. "गोळी गुनाची हाये जी. बंद नोका करू."

"मग सगळ्यांचं सारखं कसं?"

डॉक्टर खूश झाला असं तिला वाटलं. "सारखं वाटलं न आमी, म्हणून सारखं."

"काय वाटलं?"

"गोळ्या. लाल अन् निळ्या एका सुपात वतल्या अन् केले वाटे. बोडीतलं पानी आटलं का मासोळ्यांचे करतो, तसे. एकीले लाल अन् एकीले निळी, हा कोनता न्याय जी? गावात भांडन लागलं असतं."

"तुमची चूक झाली असन, सायेब," रुख्मा मागून समजुतीनं म्हणाली. "आमी सुदरवून घेतली."

चुन्नीलालला हसू आवरलं नाही. "साब, इनके गाँव में तो मुर्दे की लकड़ी भी हर घर से बराबर आती है." मग त्यानं डॉक्टरचं तोंड पाहिलं अन् तो शिश्या पुसायला लागला.

गिरणीतून कोंडा उडत होता. तो डॉक्टरच्या चष्म्यावर बसला, पण त्यानं पुसला नाही. मग उठून त्यानं पेटी आवरायला घेतली.

"सगळं फुकट गेलं. आता एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या बाया शोधाव्या लागतील."

"अशा बाया कोठं भेटतीन जी?" यशोदाबाईनं काळजीनं विचारलं.

"नागपुरात. बंगल्यांच्या वस्तीत."

"अन् आमची गोळी?"

"बंद."

बाया खाली मान घालून बैलबंडीकडं निघाल्या. देवकाबाई टेबलाचा कोपरा धरून तिथंच उभी राहिली.

"सायेब, मी मरत नाई अन् जगत बी नाई. काईतरी करा जी."

डॉक्टरनं दाराकडं पाहिलं. मग पेटीतून एक लाल शिशी काढली. "ही खरी. निळीत खडू होता. एवढी एकच उरली आहे. सगळ्यांनी वाटून घेतली तर कोणालाच काही होणार नाही. एकटीनं घेतली तर गुण येईल. कळलं?"

"एकटीनं?"

"एकटीनं."

तिनं शिशी कनवटीला खोचली.

"का देलन वो डाक्तरनं?" बंडीत चढता चढता रुख्मानं विचारलं.

"काई नाई," देवकाबाई म्हणाली.

बंडी खड्ड्यात गेली की शिशी खुळखुळायची, अन् शिशी खुळखुळली की देवकाबाई खोकायची. रस्ता सारा खड्ड्यांचा होता.

"खोकला बी लागला का वो तुले?" कुंदाबाई हळहळली. "दुखन्यात दुखनं."

रोवणा लागला तेव्हा बाकीच्या बायांचं दुखणं परत आपल्या जागी आलं होतं. सगळ्या ओळीत उतरल्या, अन् थोड्याच वेळात सगळ्या मिळून बांधामागं गेल्या. देवकाबाईही गेली. एकटी ओळीत उभी राहिली असती तर दिसली असती.

ती बसली अन् लगेच मोकळी झाली. ना आग, ना कळ. उठून जावं एवढंच काम उरलं होतं. डावीकडं रुख्मा पदर दातात धरून थरथरत होती. पलीकडं यशोदाबाई देवाला शिव्या देऊन राहिली होती. देवकाबाई उठली नाही. बसल्या जागी तिनं डोळे मिटले अन् कण्हायला सुरुवात केली. सवय मोडली होती, म्हणून आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

रुख्मानं पदर दातातून सोडला. तशीच वाकून, सरकत सरकत ती देवकाबाईपाशी आली, अन् चिखलाच्या हातानं तिची पाठ चोळायला लागली.

"रड वो माय," ती म्हणाली. "तुलेच जास्ती होऊन राहिलं."