डिओची फवारणी

कंट्रोल रूममधली ऑपरेटर आज ड्युटी सुटल्यावर पहिल्यांदाच प्लांटवरच्या एका तरुण फिटरबरोबर चहाला येणार होती. म्हणून स्वारीने गॅस गारठवणाऱ्या प्रोपेन कॉम्प्रेसरच्या आडोशाला उभं राहून अंगभर डिओ फवारला. पण डिओही उडतो तो प्रोपेनच्याच जोरावर! गॅस डिटेक्टर कोकलला, प्लांट बंद पडला आणि सगळे धावत मैदानात जमले.

सेफ्टीवाले साहेब रांगेतून फिरता फिरता नेमके त्याच्यापाशी थबकले. "काय नवरदेव, कॉम्प्रेसरपाशी फवारणी तुमचीच ना? या पुढे!"

तिच्यादेखत शोभा झाली! आता कसला चहा नि कसलं काय, असं मनाशी म्हणत तो पुढे झाला.

"आणि कंट्रोल रूमच्या दारातला डिटेक्टर कोणी वाजवला?"



मघापासून मागे लपलेली ती, तितकीच घमघमत, येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.