येतानाचं अंतर

दुष्काळात लक्ष्मम्मा लांबच्या विहिरीवरून सायकलवर पाणी आणायची. तिला फार वेळ लागतो म्हणून नवऱ्यानं, माणिकप्पानं, सायकलला अंतर मोजायचं मीटर बसवलं. मीटर निम्मंच अंतर दाखवायचं. “एवढ्याशा वाटेला इतका वेळ? कुणासंगं गप्पा मारत बसलीस?” तो रोज विचारायचा.

शेवटी तिनंच नवऱ्याला सायकलसकट औशाच्या शेषेराव सायकलमिस्त्रीकडं नेलं. मिस्त्रीनं चाक फिरवून पाहिलं, ती कशी जाते-येते ते तिला विचारून घेतलं.

“अप्पा, मीटर चांगलं हाय. लई सावकाश चाललं की ते मोजतच न्हाई. वहिनी जाताना सायकलवर बसून जातात, येताना भरल्या घागरी लादून ढकलत येतात. ते येणं मीटरात धरलंच जात न्हाई.”

लक्ष्मम्मानं नवऱ्याकडं पाहिलं.

माणिकप्पानं मान डोलावली. “ऐकलंस न्हवं? उद्यापासनं येताना जरा पाय उचल.”