अंगी लागलेलं अत्तर

दुकानात सुनेने आधी स्वतःचं नेहमीचं मोगऱ्याचं अत्तर सासूबाईंच्या मनगटावर लावून पाहिलं. वास भलताच आला.

"अंग बदललं की अत्तर बदलतं, ताई," अत्तरवाला म्हणाला.

मग केवडा झाला, वाळा झाला, चंदन झालं. दर वेळी सून हुंगायची आणि नकारार्थी मान हलवायची.

"अगं, या वयात मला कुठे मिरवायचंय? मला सगळीच आवडली."

"आई, आवड तुमची नाही बघायची."

सातवं अत्तर तळव्याला लावलेला हात सासूबाईंनी आपल्या कडेवरच्या रडव्या नातवंडाच्या, सुनेच्या बाळाच्या गालावरून फिरवला. बाळाने तळव्यात नाक खुपसलं आणि गप्प झालं. सुनेने वाकून हुंगलं. मोगरा नव्हता, पण वास तिच्या स्वतःच्या अंगाचाच होता.

"हेच द्या," ती म्हणाली. "आई, उद्या मी कामावर गेले, की एवढं लावूनच बाळाला घ्या."