मायामीहून आलेले ब्रेक पॅड

मायामीहून लेकाने पाठवलेले ब्रेक पॅड अन्सेल्मोने चाकातल्या झिजलेल्या पॅडांशेजारी धरले आणि तो मटकन खाली बसला. मापच जुळेना. पोरगा देश सोडून गेल्यावर या रशियन गाडीचे ब्रेक निकामी झाले, तेव्हा इथे सान्तियागोत मिळाले ते, दुसऱ्याच गाडीचे, बसवले होते. पोराला मात्र जुनेच माप पाठ होते. “खरं सांगून टाका,” बायको म्हणाली. तेवढ्यात पोराचाच फोन आला. “बसले का, बाबा? अख्खं शहर पालथं घातलं त्यांच्यासाठी!” “चपखल बसले रे!” “मग गाडी पळवून ब्रेक दाबा. किंकाळी गेली का, ऐकू द्या.” अन्सेल्मोने उभ्या गाडीचे इंजिन घुमवले आणि ब्रेक दाबला. उभी गाडी कशाला किंचाळेल! “झकास!” पोरगा हसला. “उद्या आईला उतारावरून बिनधास्त दवाखान्यात न्या.” फोन बंद झाला, तरी अन्सेल्मोचा पाय ब्रेकवरून निघेना.